एकाच कपड्यातली दोन पात्रं

मुंडरगीच्या बसस्टँडसमोर मौनेश बडिगेरचं टायपिंगचं आणि छपाईचं दुकान आहे. आईबापांनी नाव मौनेश ठेवलं आणि तिथेच फसले. हा माणूस कधी गप्प बसलेला मी पाहिला नाही. झोपेतही बडबडतो असं त्याची बायको काळव्वा सांगते, आणि ती खोटं बोलणाऱ्यातली नाही. दुकानात लग्नपत्रिका होतात, श्रद्धांजलीचे फलक होतात, जुना ट्रॅक्टर विकायच्या जाहिराती होतात. पण त्याचा खरा जीव अडकलेला असतो तो जत्रेच्या दिवसांत येणाऱ्या नाटकांत.

आमच्याकडे जत्रा म्हटली की नाटक आलंच. गावातले बापये कामं करतात, नट्या गदगहून सुपारी देऊन आणतात, आणि पेटी वाजवायला मला बोलावतात. इतकी वर्षं इतक्या गावांचा बेसूरपणा मी या दोन कानांनी ऐकलाय की आता बसचा हॉर्नसुद्धा मला सुरात वाटतो. नाटकाचं जुनं बाड कुठून तरी मागून आणायचं, गौडांच्या, म्हणजे गावच्या पाटलांच्या, मेव्हण्याला हौस आहे म्हणून त्यात एक फौजदार वाढवायचा, नटीला आणखी एक गाणं घालायचं आणि मग ते सगळं मौनेशच्या टेबलावर आणून आदळायचं, अशी पद्धत.

पुढची अडचण नटांची. पूर्ण नाटक वाचायची तयारी एकाचीही नसते. ‘दुसरा काय बोलतो त्याच्याशी आम्हाला काय करायचंय, आमचं तेवढं काढून द्या की,’ असं प्रत्येकाचं म्हणणं. म्हणून ज्याची त्याची वाक्यं वेगळी काढून कागद द्यावे लागतात. पूर्वी हे हातानं उतरवून काढताना नाटकमास्तर मेटाकुटीला यायचे. मौनेशनं त्यावर तोड काढली.

टाइप करतानाच तो प्रत्येक पात्राला वेगळे कपडे घालतो. कपडे हा त्याचाच शब्द. नायकाची वाक्यं निळी, नायिकेची हिरवी, विनोदी गड्याच्या वाक्यांखाली रेघ. बोलणाऱ्याचं नाव मात्र कडेला साध्या बारीक अक्षरात. मग नायकाच्या कुठल्याही एका वाक्यावर जायचं आणि मशीनला सांगायचं, याच्यासारखं दिसतं ते सगळं निवड. नाटकभर विखुरलेली नायकाची वाक्यं तेवढी पटकन उजळतात. ती उचलायची, नव्या पानावर सोडायची आणि छापायची.

“एक क्लिक, मास्तर!” तो दरवेळी मला म्हणायचा, जणू मी पहिल्यांदाच बघतोय. “अख्ख्या गर्दीतनं आपला माणूस बरोबर धरून आणतं!” बापाच्या श्रद्धांजलीचा फलक करायला आलेल्या माणसालाही त्यानं हे सगळं समजावून सांगितलेलं आहे. तो बिचारा डोळे पुसत हो हो म्हणत होता.

नाद इतका की माणसंही तो तशीच ओळखायला लागला. लक्ष्मेश्वरच्या एका लग्नात वरपक्षाला गुलाबी फेटे होते. मौनेश म्हणाला, “सोपं झालं. गुलाबी ते सगळे पाहुणे.” आणि रांगेनं प्रत्येकाला नारळ देत, वाकून नमस्कार करत सुटला. बँडवाल्यांनाही त्या दिवशी गुलाबीच फेटे होते. सनईवाल्याच्या पाया पडून झाल्यावर काळव्वानं त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. “अहो, फेटा बघताय, खालचं तोंड पण बघा की!” ती म्हणाली. तो सनईवाला अजूनही मौनेशला भेटला की तोंडभर आशीर्वाद देतो.

आता मौनेशच्या सासऱ्याबद्दल. कलकप्पा हा बेविनकोप्पचा सुतार. गावच्या रथाची चाकं तोच दुरुस्त करतो, आणि त्यानं बसवलेला सांधा सुटला असं कुणी सांगावं. मुलगी दिली तेव्हा जावईही सुतारच होता. पण हळद उतरते न उतरते तोच मौनेशनं वाकस आणि पटाशी माळ्यावर टाकली आणि मुंडरगीत कॉम्प्युटर मांडला. कलकप्पाला ते इतकं लागलं की तो दुकानाची पायरी चढला नाही तो नाहीच. बाजाराला आला की समोरच्या हॉटेलात चुरमुऱ्यांचं गिरमिट खायचा, मुलीला तिथेच बोलावून घ्यायचा आणि दुकानाकडे पाठ करून बसायचा. “जावई काय करतात?” असं कुणी विचारलं की म्हणायचा, “उंदीर धरून बसतात.”

या म्हाताऱ्याचं दुसरं वेड नाटक. तरुणपणापासून जत्रेच्या नाटकात म्हातारा बाप किंवा इमानी नोकर हाच ठरलेला. तरणा होता तेव्हाही म्हाताराच व्हायचा. आवाज असा की माईक नसताना गुरांच्या बाजारापर्यंत ऐकू जावा. पण गेल्या साली भर प्रवेशात त्याचा शब्द अडकला. पुढचं आठवेना. मी पेटीवर सूर धरून ठेवला, धरून ठेवला, शेवटी भाता दमला तरी म्हातारा उभाच. गर्दीतून कुणी तरी ओरडलं, “आजोबा, घरी जावा, भाकरी गार होतीया!” लोक हसले. पडदा पाडला तरी तो तिथेच उभा होता. त्याला हाताला धरून आत आणावं लागलं.

यंदा बेविनकोप्पच्या नाटक कमिटीनं ठरवलं, म्हाताऱ्याचं काम दुसऱ्याला द्यायचं. कलकप्पा पंचांसमक्ष गौडांच्या दारात उभा राहिला. “गौडर, या एका खेपेला द्या,” तो म्हणाला. “एक शब्द जरी चुकला तर मीच रंग पुसून उतरतो. पुन्हा स्टेजची पायरी चढणार नाही.” गौड म्हणाले, “बरं, बघू.” ही गोष्ट गावभर झाली. पोरं आत्तापासून शिट्ट्यांची तालीम करायला लागली.

नाटकाचं नाव ‘वहिनीच्या बांगड्या, साहुकाराचा चाबूक’. कलकप्पाला मल्लण्णाचं काम होतं, म्हणजे साहुकाराच्या म्हाताऱ्या नोकराचं. साहुकार त्याच्या पोरावर देवीचा हार चोरल्याचा आळ घेतो, आणि पहिल्याच अंकात दोघांची समोरासमोर जुंपते. सगळं नाटक त्या जुंपण्यावर उभं.

काळव्वानं नवऱ्याला आधीच बजावलं. “अप्पांना बारीक दिसत नाही. चष्मा लावायची लाज वाटते. अक्षरं मोठी काढा, ठसठशीत. आणि कागदात काही घोटाळा केलात तर बघा. नाटक सुटलं तर अप्पा जगायचे नाहीत, आणि तुम्हाला मी जेवू घालायची नाही.”

मौनेशनं सासऱ्याची वाक्यं काळी, जाड आणि दुप्पट मोठी केली. भिंतीवर लावली असती तर रस्त्यावरून वाचता आली असती. तेवढ्यात दुकानासमोर गाडी थांबली आणि शरणगौडा उतरला. हा गौडांचा थोरला मुलगा. हुबळीत सिमेंटची एजन्सी, बोटांत अंगठ्या. साहुकाराचं काम त्याचं, कारण मंडपाचा खर्च त्याच्या वडिलांचा. तो मौनेशच्या खांद्यावरून पडद्याकडे बघायला लागला.

“ही कुणाची वाक्यं?”

“आमच्या मामांची. मल्लण्णाची.”

“आणि माझी?”

“ही काय, लाल आणि तिरकी. साहुकार आहात की अण्णा, जरा तिरकेच पाहिजेत.”

“म्हणजे नोकराची अक्षरं कलिंगडाएवढी आणि साहुकाराची मुंगीएवढी? लोक काय म्हणतील?”

“लोकांना कागद कुठे दिसतो, अण्णा?”

“मला दिसतो की!” शरणगौडा म्हणाला. “त्याच्यासारखीच कर. तसूभर कमी नको.”

मौनेशनं केली. काळी, जाड, दुप्पट मोठी. नोकर आणि साहुकार दोघांना हुबेहूब एकच कपडे झाले. मग बाहेर मिरचीभजी आली, मौनेश मला नव्या नटीच्या आवाजाबद्दल विचारायला लागला, एका हातात भजं, दुसऱ्या हातानं क्लिक. मशीनला कुणाचं नाव-गाव ठाऊक नसतं. त्यानं त्या कपड्यातलं सगळं उचललं, म्हणजे मल्लण्णाचं वाक्य, त्यावर साहुकाराचं उत्तर, पुन्हा मल्लण्णाचं, पुन्हा साहुकाराचं. नावं बारीक अक्षरात होती, ती मागे राहिली. दोघांचे कागद असे निघाले आणि दोघांतही दोघांची वाक्यं सलग. हे आम्हाला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं तुम्हाला भुताटकीचं वाटेल.

शरणगौडानं गठ्ठा हातात तोलून बघितला. “हां, आता काम असल्यासारखं वाटतंय,” म्हणाला, आणि गाडीच्या मागच्या सीटवर टाकून निघून गेला. तो गठ्ठा नाटक होईपर्यंत तिथेच होता.

तालमी सुरू झाल्या. पडद्यामागून वाक्यं सांगायला मौनेशच असायचा, कारण पूर्ण नाटक वाचलेला गावात तेवढा एकच. ज्यांनी यायला हवं होतं ते दोघं तेवढे आले नाहीत. शरणगौडाला हुबळीहून फुरसत नव्हती. “आतून सांगा, मी बोलतो,” असा निरोप. आणि कलकप्पा म्हणाला, “पोरं तोंडावर हात धरून हसतात. मी थेट स्टेजवर येईन.” त्यामुळे जुंपण्याचा प्रवेश आला की दोघांचीही वाक्यं मौनेश वाचायचा आणि आम्ही पुढे जायचो.

जत्रा जवळ आली तशी काळव्वा एकदा डोळे पुसत दुकानात आली.

“अप्पांना काय तरी झालंय.”

“काय झालं?” मौनेशनं विचारलं.

“दार लावून बसतात. एका आवाजात शिव्या देतात आणि दुसऱ्या आवाजात रडत उत्तर देतात. आईनं विचारलं तर म्हणतात, मल्लण्णाला दुःखानं वेड लागतंय, तू मध्ये बोलू नको. आईनं दाराला लिंबू बांधलंय.”

“नाटकात मल्लण्णाला वेड लागत नाही,” मी म्हणालो.

“अहो मास्तर, मामा मोठे नट आहेत,” मौनेश म्हणाला. “आत शिरलेत भूमिकेच्या.” त्याला सासऱ्याचं कौतुक इतकं की त्याला शंका म्हणून आली नाही. काळव्वा मात्र जाताना म्हणाली, “स्टेजवर अप्पांना असं झालं तर सगळा गाव बघंल. मग ते घराबाहेर पडायचे नाहीत.” तिचा चेहरा बघून माझं त्या दिवशी पेटीवर लक्ष लागलं नाही.

नाटक दिवेलागणीला सुरू झालं. मी स्टेजखाली पेटी घेऊन बसलेलो. पहिल्या रांगेत गौड, पोटावर हात ठेवून. मागे अख्खा गाव, आणि शिट्टीवाली पोरं खास लिंबाच्या झाडावर. काळव्वा आईजवळ बसली होती, पदराचं टोक दातात धरून.

प्रवेश आला. शरणगौडा कोट घालून, चाबूक घेऊन, मिशीला पीळ देत आला. खांद्यावर घोंगडं टाकून कलकप्पा आला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. झाडावर कुजबूज झाली. म्हाताऱ्यानं श्वास घेतला.

“साहुकार, माझं पोर चोर नाही!”

काय आवाज! गुरांच्या बाजारात नक्की ऐकू गेला असेल. मौनेशनं आतून हळूच शरणगौडाचं वाक्य सांगितलं. शरणगौडानं कान तिकडे केला, तोंड उघडलं. तेवढ्यात कलकप्पानं घोंगडं झटकलं, छाती काढली, घसा दोनदा खाकरला, पोटावरून हात फिरवला आणि जाड आवाजात गरजला, “चोर नाही? मग देवळात चल, कापूर हातावर घे!”

आणि लगेच पाठ वाकवून, आपल्या आवाजात, “घेतो! पण हात भाजला नाही तर तुम्ही काय घ्याल, साहुकार?”

मी पेटीवर बोटं ठेवून थिजलो. दुष्टाला एक सूर असतो, दुःखाला दुसरा. मी कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. आत मौनेशचा कागद फडफडलेला ऐकू आला, आणि मग “अयाय्याय्या” असा एक बारीक आवाज. तो तेव्हा सगळं समजला. शरणगौडा एकदा विंगेकडे बघत होता, एकदा म्हाताऱ्याकडे. वाक्य आतून येईपर्यंत म्हाताऱ्यानं ते बोलून, त्याला उत्तर देऊन, पुढचंही बोलून टाकलेलं असायचं. शेवटी बिचारा नुसती मिशी पिळत राहिला.

गाव चिडीचूप. मला वाटलं, संपलं. म्हाताऱ्याला वेड लागलं असं सगळ्यांना वाटतंय. मी काळव्वाकडे बघितलं तर तिनं डोळे मिटून घेतले होते.

आणि मग मागून, गड्यांच्या घोळक्यातून, एक हसू फुटलं. कुणी तरी ओरडलं, “आरं, गौडांची नक्कल करतोय म्हातारा!” बरोबर होतं. ते दोनदा खाकरणं, तो पोटावरचा हात, पायांतलं ते अंतर. या गावात असा गडी नाही ज्यानं गौडांच्या पाठीमागे ही नक्कल केली नाही. नोकर साहुकाराच्या तोंडावर साहुकारासारखा बोलतोय, हे त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. हसणं पसरलं, मग टाळ्या, मग प्रत्येक वाक्याला शिट्टी. झाडावरची पोरं तर खाली पडायची राहिली. आणि कलकप्पाला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. पोराची बाजू मांडताना त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. शेवटचं वाक्य आलं तेव्हा सगळे गप्प झाले होते, आणि त्या सगळ्यात त्याचा एक शब्दही अडकला नव्हता.

तेवढ्यात गौड उठले.

आमच्याकडे नाटक मध्येच थांबवून आहेर करायची पद्धत आहे, पण गौड आहेराला चाललेत की म्हाताऱ्याला खाली ओढायला, हे कुणालाच कळेना. ते स्टेजवर चढले. माईक हातात घेतला. दोनदा खाकरले, त्यावर मागे कुणी तरी फसकन हसलं. गौडांनी आपल्या खांद्यावरचं उपरणं काढून कलकप्पाच्या गळ्यात घातलं.

“माझा आवाज माझ्या पोराला आला नाही,” ते म्हणाले. “या सुताराला आला.” आणि पोट धरून हसायला लागले.

पडदा पडल्यावर शरणगौडानं मौनेशची कॉलर धरली. “माझी सगळी वाक्यं त्या म्हाताऱ्यानं खाल्ली!”

घाबरला तरी मौनेश गप्प बसणाऱ्यातला नाही. “अण्णा, तुमच्या कागदातही मामांची सगळी होती. तुम्ही नाही का खायची?”

शरणगौडा विचारात पडला. कागद वाचला नाही म्हणावं तर पंचाईत, वाचला म्हणावं तर त्याहून मोठी. त्यानं कॉलर सोडली आणि कोटावरची धूळ झटकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात होतो. मौनेश रात्रभर झोपला नव्हता. “सांगून टाकतो, मास्तर,” तो सारखा म्हणत होता. “माझीच चूक. दोघांना एकच कपडे घातले मी. मामांना सांगतो, पाय धरतो. पोटात राहत नाही माझ्या.” काळव्वा डबा घेऊन आली होती. तिनं तो टेबलावर ठेवला.

तेवढ्यात दारात कलकप्पा उभा राहिला. गळ्यात ते उपरणं अजून तसंच. त्यानं पायरीकडे बघितलं आणि चढला. चौकटीवरून अंगठा फिरवला. “बाजारातली,” म्हणाला, आणि नाक मुरडून आत आला. मौनेश ताडकन उठला. त्याची खुर्ची मागे पडली. कलकप्पानं ती उचलली, हलवून बघितली, पाय डुगडुगतोय हे दाखवून दिलं आणि तिच्यावर बसला. मग कॉम्प्युटरकडे बराच वेळ बघत राहिला.

“मामा,” मौनेशनं सुरुवात केली, “त्या कागदाचं तुम्हाला एक सांगायचंय—”

“थांब. आधी मला बोलू दे.” म्हातारा त्याच्याकडे न बघताच बोलत होता. “गाव म्हणत होता, कलकप्पा संपला. कमिटी म्हणत होती. हिची आई तोंडानं म्हणत नव्हती, पण तिलाही तसंच वाटत होतं. मला स्वतःला वाटत होतं. कागद हातात आला तेव्हा पहिल्यांदा घाबरलो. म्हटलं, एवढं? मग म्हटलं, जावयानं दिलंय ते काही तरी बघूनच दिलं असेल. सगळ्यांनी अर्ध्या माणसाचं काम द्यायला नको म्हटलं, आणि तू एकट्यानं मला दोन माणसांचं दिलंस.”

त्यानं उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण माझेही डोळे भरून आले होते.

मौनेशचं तोंड उघडंच होतं. त्याच्या घशात ते सगळं आलेलं मला दिसत होतं, कपडे, क्लिक, भजी, सगळं. त्यानं काळव्वाकडे बघितलं. मग ते तोंड मिटलं. किती तरी वेळ तो काही बोलला नाही.

“तुम्हाला जमेल असं वाटलंच होतं मला, मामा,” तो शेवटी म्हणाला.